प्रत्येक रिफ चार वेळा

"परत घे भावा, शेवटी तार वाजली." रेकॉर्डिंग करणारा मुलगा हे इतक्या सहजपणे म्हणतो की गिटारवाला चिडत नाही. तळहाताची कड तारांवर टेकवतो, क्लिकचे चार ठोके हेडफोनमध्ये ऐकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुण्यात सिंहगड रस्त्याला लागून असलेली ही खोली गाद्या लावून बंद केली आहे. आवाज येतो म्हणून पंखाही बंद.

इथे एका मेटलकोर बँडचा पहिला अल्बम होतोय. मला नवल वाटलं ते मुलांच्या वयाचं. ज्या अल्बमचं नाव ते घटकाघटकाला घेतात, तो बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइनचा 'द पॉयझन', ऑक्टोबर २००५ मध्ये निघाला. तेव्हा यांतले दोघे जन्मलेही नव्हते.

तोही पहिलाच अल्बम. दक्षिण वेल्समधल्या ब्रिजेंडची ही मंडळी आधी जेफ किल्ड जॉन या नावाने नू-मेटल वाजवायची. नाव बदललं, बाजही बदलला. निर्माता कॉलिन रिचर्डसन, मशीन हेड आणि कारकास या बँडबरोबर काम केलेला. बँडचा गायक मॅट टक एकाच गाण्यात किंचाळतो आणि मोकळ्या, गोड आवाजात गातोही. हे कसब किती पोरांनी घरात दार लावून घोटलं असेल! गिटारच्या सगळ्या तारा एक सूर उतरवायच्या, सहावी आणखी एक सूर खाली, 'सी'वर. मग जाड तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की भरदार कॉर्ड मिळते. हे वळण या मुलांच्या हातात त्या अल्बममधूनच आलं.

ड्रम आधीच झाले होते, गाणं शेवटी. मधले सगळे दिवस गिटारचे.

"प्रत्येक रिफ चार वेळा," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. एकदा वाजवून कॉपी केलं तर ती एकच गिटार राहते, फक्त मोठी. चार वेळा हाताने वाजवलं की केसभर फरक पडतो आणि त्या फरकातून रुंदी येते. फरक केसापेक्षा जास्त झाला की सगळं फिसकटतं. तार जोरात दाबली तरी सूर चढतो, म्हणून दर टेकआधी ट्यूनर. सलग खालच्या फटक्यांनी गिटारवाल्याचा उजवा हात कोपरापर्यंत ताठला होता. मी त्या हाताकडेच बघत राहिले. या संगीताला धिंगाणा म्हणणाऱ्यांनी हा रियाज बघायला हवा.

"मोबाइलवर ऐकणाऱ्याला काय कळणार?" बेसवाल्याने विचारलं.

रेकॉर्डिंगवाल्याने आधीच्या गाण्याचे दोन थर बंद करून वाजवलं, मग चारही उघडले. दुसऱ्या वेळी भिंत उभी राहिली. फरक अगदी उघड होता, आणि तो चार वेळा शिणलेल्या हाताचा होता.

"चार वेळाच," बेसवाला म्हणाला. गिटारवाल्याने सहावी तार पुन्हा सुरात आणली. त्या रिफचे अजून दोन टेक बाकी होते.