शाळा अंगणात नेणाऱ्या अनुताई

आमच्या मोहल्ल्यात घरोघरी दखनी बोलली जाते. पण लहान मुलाचा हात धरून सकाळी निघालेल्या आईला विचारा, कुठे चाललीस? ती म्हणेल, "अंगनवाडीकू." हा शब्द आता एकट्या मराठीचा राहिलेला नाही. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत तो सरकारी कागदावर आहे आणि लोकांच्या तोंडीही आहे. शब्दांत रमणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्याचे अप्रूप वाटते. पण या शब्दामागे दोन शिक्षिकांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः अनुताईंविषयी.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघरातच संपायचे. अनुताई मात्र पुन्हा शिकू लागल्या. शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी आधी नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि मग पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुण्यातली चांगली शाळा, ठरलेला पगार, समाजात मान. एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. पण १९४५ साली त्या ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन बोर्डीला गेल्या.

ताराबाई त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला होता. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती. पण तिची साधने महाग आणि शाळा शहरातल्या सुखवस्तू मुलांच्या. हे शिक्षण खेड्यात, गरिबाच्या मुलापर्यंत कसे न्यायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी डहाणू तालुक्यातले, समुद्रकाठचे बोर्डी हे गाव निवडले. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा. २०१४ पासून पालघर.

बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली होती ती दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलांना आंघोळ घालायला, कपडे चढवायला घरी कुणी नसे. शिवाय गावातल्या शाळेची भीती होतीच. मुले येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्याकडे जावे, असे या दोघींनी ठरवले. वस्तीतल्याच एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. विकतच्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने, खडे. मोजणी शिंपल्यांवर शिकायची, रंग पानाफुलांवर. अंगणात भरणारी ही बालवाडी, म्हणजेच अंगणवाडी.

मला या प्रयोगाचे मोल जरा जास्तच कळते. घरात एक बोली आणि शाळेत दुसरीच भाषा, हा अनुभव मी लहानपणी घेतला आहे. पुस्तकातला पहिला धडा परका वाटला की मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला शाळा 'मठ्ठ' ठरवून मोकळी होते. पण हातात ओळखीचा शिंपला असला तर तेच मूल बोलू लागते.

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात आले. तिथे आणखी एक अडचण उभी राहिली. मोठी मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिचे नाव विकासवाडी. भावंडाला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात बसायचे. मुलगे गुरे चारायला रानात जात. त्यांच्यासाठी गुरुजीच कुरणात जाऊ लागले. ती कुरणशाळा. रात्री मोठ्यांचे वर्ग असत. प्रत्येक वेळी आधी घराची अडचण समजून घ्यायची आणि तिच्याप्रमाणे शाळेचा आकार बदलायचा, ही त्यांची रीत.

हे सारे सांभाळत १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अनुताई बी. ए. झाल्या. १९७३ साली ताराबाई गेल्या. पुढची जवळजवळ वीस वर्षे, २७ सप्टेंबर १९९२ रोजी देह ठेवीपर्यंत, अनुताईंनी काम चालू ठेवले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पत्ता मात्र कोसबाडच राहिला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. पुढे ती देशभर पसरली. पोरांच्या पोटात घास गेला, लसीकरण झाले, ही मोठीच गोष्ट आहे. पण वजनकाटा आणि नोंदवह्या यांत गुंतलेल्या सेविकेला गाणी-गोष्टींसाठी किती वेळ उरतो, हे एकदा जवळच्या अंगणवाडीत बसून पाहावे. त्यात भर म्हणजे २०२३ साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील, हे खरे. पण डोंगरातल्या पाड्यावरची सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथवर पोहोचेल का, हे आधी विचारायला हवे.

अनुताईंनी १९४५ मध्ये हाच प्रश्न विचारला होता. मूल आणि शाळा यांच्यामधले अंतर मोठ्यांनी चालायचे असते, असे त्यांचे उत्तर होते, आणि त्या सत्तेचाळीस वर्षे ते चालल्या. आपल्या वस्तीतली अंगणवाडी सकाळी दहा वाजता कशी दिसते, ते या आठवड्यात जरूर पाहून या. तिथल्या बाईंना काय हवे आहे, तेही विचारा. एखादी चटई असेल, पाण्याचा नळ असेल, किंवा दुपारी येऊन गोष्ट सांगणारे कुणी माणूस असेल. तेवढे आपल्यालाही जमेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)