बायोचारमध्ये विष येतं कुठून?

बायोचार म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘पाचशे अंशाला भाजल्यावर विष उरेलच कसं?’ उत्तर असं की काही विषं भट्टीत नष्ट होतात, काही तशीच उरतात आणि काही तर भट्टीतच तयार होतात.

आधी उरणारी विषं बघू, म्हणजे जड धातू. शिसं, तांबं, क्रोमियम जळून नाहीसे होत नाहीत. १०० किलो वाळलेल्या काडीकचऱ्याचा साधारण ३० किलो कोळसा होतो. धातू तेवढेच राहिले, वजन मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आलं. म्हणजे किलोमागे धातूचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं! (कॅडमियमसारखे काही धातू जास्त उष्णतेला अंशतः उडून जातात, पण त्यावर विसंबू नका.) म्हणून स्वच्छ तुराट्या, पऱ्हाट्या चालतील; रंग दिलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड भट्टीत नको.

दुसरी विषं भट्टीतच तयार होतात. त्यांचं नाव लांबलचक आहे, पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात ‘पीएएच’. यातलं नॅप्थलीन तुमच्या ओळखीचं आहे, कपाटातली डांबरगोळी. बेन्झोपायरीन हे मात्र सिद्ध झालेलं कर्करोगकारक. ही संयुगं धुरात असतात. गरम धूर बाहेर गेला किंवा ज्वाळेत जळाला, तर कोळसा बराच स्वच्छ निघतो. धूर आत कोंडला आणि कोळशाबरोबरच थंड झाला, तर तो कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसतो. म्हणजे पऱ्हाट्या त्याच, तापमान तेच, पण धुराची वाट वेगळी आणि माल वेगळा.

तिसरं, डायॉक्सिन. त्याला क्लोरीन लागतं. पीव्हीसीचे तुकडे कचऱ्यात गेले की ते आपण हातानं पुरवतो.

मग घाबरायचं का? तसं नाही. २०१२ साली पन्नासहून अधिक बायोचार तपासले गेले. संथ भाजणीच्या नमुन्यांत पीएएच किलोमागे ०.०७ ते ३.२७ मिलिग्रॅम होते. गॅसिफायरमधल्या एका नमुन्यात मात्र ४५! युरोपच्या बायोचार प्रमाणपत्रात शेतीसाठीची मर्यादा सुमारे ६ आहे. म्हणजे दोष बायोचारचा नाही, बनवण्याच्या पद्धतीचा आहे.

प्रयोगशाळेत नमुना दिलात तर एक विचारा: अर्क कशानं काढता? कोळसा पीएएचना इतकं घट्ट धरतो की मातीसाठीच्या नेहमीच्या पद्धतीनं ते पुरते सुटत नाहीत आणि अहवाल उगाच चांगला येतो. गरम टोल्युइनमध्ये बराच वेळ अर्क काढावा लागतो. याच घट्ट पकडीमुळे पिकापर्यंत फार थोडं पोचतं, हेही खरं. पण धूळ नाकात जाते. कोळसा ओला करूनच हाताळा.

घरी काय करता येईल? अळीव घ्या. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत थोडा बायोचार मिसळलेली माती. काही दिवसांत दुसऱ्या कुंडीतलं अळीव उगवलं नाही किंवा खुरटलं, तर तो माल शेतात टाकू नका. पण लक्षात ठेवा, अळीव छान उगवलं म्हणून शिसं नाही असं होत नाही. ते बघायला प्रयोगशाळाच लागते.

शेवटी एवढंच सांगतो, शेणखत चुकलं तर पुढच्या हंगामात सुधारता येतं. बायोचार मातीत शेकडो वर्षं राहतो, तो परत वेचून काढता येत नाही. म्हणून तपासणी आधी, पसरणं नंतर.