छपरावर काय घालावे, भिंतीला काय लावावे?

आमच्या घराच्या छपरासाठी तीन कंत्राटदारांनी तीन अंदाजपत्रके दिली, आणि तिन्हींमधील छप्पर वेगवेगळे होते. एकाने काँक्रीटची कौले सुचवली, दुसऱ्याने स्पेनमधून येणारी नैसर्गिक स्लेट आणि तिसऱ्याने फायबर सिमेंटची, दिसायला स्लेटसारखीच पण मुळात कारखान्यात घडलेली पत्री. घर इंग्लंडमधल्या एका गावातील व्हिक्टोरियन काळातील रांगेतले. माजघराच्या वरच्या खोलीत छताला पिवळसर डाग पडला होता आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहिले की आढ्याची रेषा मधोमध किंचित खाली झुकलेली दिसे. सर्वांत स्वस्त अंदाजपत्रक काँक्रीटच्या कौलांचे होते. ते आम्ही जवळजवळ स्वीकारलेच होते.

ते का स्वीकारू नये, हे एका सर्व्हेयरने दहा मिनिटांत समजावून सांगितले. या देशात घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांवर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

प्रश्न वजनाचा आहे. नैसर्गिक स्लेटचे छप्पर दर चौरस मीटरला साधारण ३० किलो भरते, तर काँक्रीटच्या एकात एक अडकणाऱ्या कौलांचे सुमारे ५० किलो. साठ चौरस मीटरच्या छपरावर हा फरक बाराशे किलोंचा, म्हणजे एका लहान मोटारीएवढा होतो. एकोणिसाव्या शतकातील सुताराने वासे घातले ते स्लेटचा भार मनात धरून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा हजारो घरांवरची स्लेट उतरवून स्वस्त काँक्रीट चढवले गेले आणि कित्येक ठिकाणी वाशांना आधार देण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आमच्या आढ्याचा झोक हा त्याचाच परिणाम होता. त्याच वाशांवर पुन्हा काँक्रीट घालायचे तर आधी आतून लाकडी टेकू, आडव्या तुळया आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे गणित हवे. तो खर्च स्वस्त अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता.

छपराचे साहित्य बदलताना भार वाढत असेल किंवा घटतही असेल, तर स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला कळवावे लागते. घटला तर काय बिघडते, असे वाटेल. पण हलके छप्पर वादळात उचलले जाण्याचा धोका असतो. छपराचा चतुर्थांशाहून अधिक भाग बदलत असल्यास साधारणपणे मंजुरी लागते आणि उष्णतारोधनही सुधारावे लागते. नोंदणीकृत कंत्राटदार हे काम स्वतः प्रमाणित करू शकतो. ते प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर ते हमखास मागतो.

कोकणातल्या घरांत वाढलेल्या वाचकांना मंगळुरी कौले आठवत असतील. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. ती रिपांवर नुसती अडकवलेली असतात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना उतरवावीत, फुटकी बदलावीत, पुन्हा चढवावीत. इथे ती मोकळीक नाही. ब्रिटिश मानकाच्या २०१४ च्या सुधारणेनंतर आढ्यावरची कौले केवळ चुन्या-सिमेंटच्या आधारावर ठेवता येत नाहीत, ती क्लिप किंवा स्क्रूने बांधावी लागतात. कोणी ‘आढे नुसते पुन्हा सिमेंटने भरून देतो’ म्हणाला, तर तो जुन्या पद्धतीचे काम करतो आहे असे समजावे.

मग स्लेट कोणती? वेल्सची स्लेट उत्तम आणि शंभर वर्षांहून अधिक टिकल्याची उदाहरणे गल्लोगल्ली आहेत, किंमतही तशीच. बाजारात सर्वाधिक आढळते ती स्पॅनिश. तिच्यात चांगली आणि वाईट दोन्ही असते, आणि नमुना हातात घेऊन ते कळत नाही. युरोपीय चाचणीचा अहवाल मागावा. त्यात ‘टी१’ आणि ‘एस१’ हे शेरे असतील तर निश्चिंत व्हावे. ‘टी३’ असेल तर दगडातील लोहखनिज गंजून पत्रीला आरपार भोक पाडू शकते. फायबर सिमेंटची पत्री हलकी, एकसारखी आणि स्वस्त. मात्र तिचे आयुष्य काही दशकांचे. पुढील पाच-सात वर्षांत घर विकून परतायचे असेल तर तीही गैर नाही. आम्हाला राहायचे होते.

मागच्या अंगणात वाढवलेल्या खोलीचे गणित वेगळे. तिचे छप्पर बहुधा कमी उताराचे असते आणि मुख्य घराशी जुळावे म्हणून मालक तिथेही तीच कौले मागतो. साध्या सपाट मातीच्या कौलांना साधारण ३५ अंशांचा उतार लागतो. त्याहून कमी उतारावर वाऱ्याने पाणी उलटे चढते. तिथे जस्ताचा पत्रा किंवा कमी उतारासाठी खास घडवलेले कौल बरे. जुन्या गॅरेजवर करड्या रंगाचे पन्हळी सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना हात लावण्याआधी तपासणी करावी. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये.

आणखी एक सावधगिरी. दारावर येऊन छपराच्या आतून फोम फवारून देणारे लोक ऊब आणि गळतीबंदी अशी दोन्ही आश्वासने देतात. फोमने वासे झाकले की ते कुजत आहेत की नाहीत हे पाहता येत नाही, आणि अनेक बँका अशा घरावर कर्जच देत नाहीत. तो खरवडून काढण्याचा खर्च लावण्याच्या खर्चाहून अधिक येऊ शकतो.

भिंतींच्या आवरणाविषयी आमचे मत अधिक कडक आहे. जुनी एकसंध विटांची भिंत चुन्याच्या दर्जांमधून ओलावा बाहेर टाकते. तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा किंवा अवेळी, अर्धवट उष्णतारोधन केले की पाणी आत कोंडते आणि काही हिवाळ्यांत आतल्या भिंतीवर बुरशी फुटते. नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेला आकडा वाचून धक्का बसला होता: सरकारी योजनांखाली अलीकडे बाहेरून उष्णतारोधन बसवलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत, म्हणजे सुमारे २२ ते २३ हजार घरांत, दुरुस्ती लागेल असे मोठे दोष आढळले. फुकट मिळते म्हणून होकार देण्यापूर्वी खिडकीच्या चौकटी, पन्हाळी आणि छपराची वळचण यांच्यापाशी नवे आवरण कसे मिटवणार, याचा आराखडा कागदावर मागावा. पाणी शिरते ते तिथेच.

लाकडी फळ्या, विशेषतः सीडर किंवा लार्च, सुंदर दिसतात आणि मागे हवेची फट ठेवली तर टिकतातही. पण भिंत शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटरच्या आत असेल तर आगीबाबतचे नियम कडक होतात आणि साधे लाकूड चालत नाही. घर संवर्धन क्षेत्रात असेल तर भिंतीला कोणतेही आवरण चढवण्यासाठी नियोजन परवानगी लागते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही निवड करताच येत नाही. ती आधीच कोणीतरी केलेली असते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. त्या इमारतीला नूतनीकरणात लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलीन होते. त्यानंतर इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्याला बंदी आली. म्हणून उंच इमारतीत फ्लॅट घेताना स्वयंपाकघर पाहण्याआधी ‘ईडब्ल्यूएस१’ प्रमाणपत्र आहे का, ते कोणी आणि कधी दिले, हे विचारावे. त्याची मुदत पाच वर्षांची असते.

गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेल्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी: १४ फेब्रुवारी २०२२. इंग्लंडमध्ये ११ मीटर किंवा पाच मजल्यांहून कमी नसलेल्या इमारतीत, त्या दिवशी फ्लॅट मुख्य निवासस्थान असेल किंवा मालकाकडे ब्रिटनमध्ये एकूण तीनहून अधिक घरे नसतील, तरच धोकादायक आवरण काढण्याच्या खर्चापासून कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळते. हा दर्जा फ्लॅटबरोबर पुढच्या खरेदीदाराकडेही जातो. म्हणून विकणाऱ्याकडून त्याचा लेखी दाखला घ्यावा.

आमच्या घरावर अखेर ‘टी१’ शेऱ्याची स्पॅनिश स्लेट चढली. दोन वाशांना जोड द्यावा लागला आणि परांचीचे भाडे ठरल्यापेक्षा दोन आठवडे अधिक भरावे लागले. जुने फेल्ट काढल्यावर रिपा मारण्यापूर्वीची छायाचित्रे काढून घेतली. कंत्राटदाराकडून त्याच खाणीच्या वीस पत्र्याही मागून घेतल्या आणि शेडमध्ये उभ्या रचून ठेवल्या.