जाळं कुजत होतं तोवर

1924 साली ईरी सरोवरातून सुमारे 3 कोटी 20 लाख पौंड हेरिंग मासा बाजारात गेला. पुढच्या वर्षी 60 लाखसुद्धा भरला नाही. तिथल्या जाळ्यांचा हिशेब मांडायचा तर या आकड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. धोक्याची घंटा इतकी लवकर आणि इतकी मोठ्याने वाजली होती, की पुढे जे घडलं त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी ईरी सर्वांत उथळ, म्हणून उबदार, आणि म्हणूनच माशांच्या बाबतीत श्रीमंत. दक्षिण काठावर अमेरिकेची राज्यं, उत्तरेला कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत. हेरिंग बुडाला त्याचं खापर तेव्हा ‘बुल नेट’वर फुटलं. हे नेहमीपेक्षा कितीतरी खोल असलेलं जाळं थव्यापुढे भिंतीसारखं उभं राहायचं. यथावकाश त्यावर बंदी आली, पण तोवर बंदीला राखायला फारसं काही उरलं नव्हतं. व्यापारी मासेमार मग इतर माशांकडे वळले: व्हाइटफिश, ब्ल्यू पाइक आणि वॉलआय. यांतला वॉलआय हा हौशी गळवाल्यांचा जीव की प्राण. सोनेरी-हिरवट अंग, काचेसारखे चमकणारे डोळे, अंधुक उजेडात शिकार करायची सवय आणि काट्यांचा त्रास नसलेलं पांढरं मांस. म्हणजे एकाच माशावर दोन दावेदार, एक जाळं घेऊन आणि एक गळ घेऊन.

त्या काळचं मुख्य हत्यार म्हणजे गिलनेट. पाण्यात पडद्यासारखं ताणलेलं हे जाळं माशाला दिसत नाही. डोकं आसातून, म्हणजे जाळ्याच्या छिद्रातून, आत जातं, अंग अडकतं, मागे सरकायला गेलं की धागा कल्ल्यांत रुततो. आस केवढा, यावर कोणत्या आकाराचा मासा अडकणार ते ठरतं. बारका निसटतो, फार मोठ्याचं डोकंच शिरत नाही. जात मात्र जाळ्याला कळत नाही. आणि अडकलेला मासा बहुधा मेलेलाच वर येतो, त्यामुळे नको असलेला परत सोडण्याला अर्थ राहत नाही.

1950च्या आसपासपर्यंत हे जाळं सुती किंवा लिननच्या धाग्याचं असे. धागा पाण्यात कुजायचा. म्हणून जाळं ठरावीक दिवसांनी काठावर आणून मोठ्या लाकडी रहाटांवर गुंडाळायचं, उन्हा-वाऱ्यात सुकवायचं, फाटलेलं विणायचं आणि मगच पुन्हा पाण्यात सोडायचं. जुन्या बंदरांच्या छायाचित्रांत हे रहाट ओळीने उभे दिसतात. मला विचाराल तर सरोवरातला सर्वांत कडक कायदा त्या रहाटांवर लिहिलेला होता. जाळं वाळत असे तेवढे दिवस माशांना सुट्टी मिळे, आणि ती मोडायला कुठलाही इन्स्पेक्टर फितवता येत नव्हता.

मग नायलॉन आलं. ते कुजत नाही, सुकवावं लागत नाही, धागा बारीक असल्याने माशाला आणखीच कमी दिसतं. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो एकेरी धागा नंतरचा, पण सुरुवातीच्या नायलॉननेही सुती जाळ्याच्या दुप्पट-तिप्पट मासा मिळू लागला. होड्या वाढल्या नाहीत, माणसं वाढली नाहीत, परवाने वाढले नाहीत. तरी सरोवरावरचा भार कैक पटींनी वाढला आणि कागदावर त्याची कुठेच नोंद झाली नाही.

परिणाम दिसायला दहा वर्षंसुद्धा लागली नाहीत. ब्ल्यू पाइक हा वॉलआयचा निळसर चुलतभाऊ, मध्य आणि पूर्व भागातल्या थंड, खोल पाण्यातला. काही वर्षी तर सरोवरातल्या एकूण व्यापारी पकडीचा निम्म्याहून जास्त हिस्सा त्याचा असे. 1950च्या दशकाच्या अखेरीस तो कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. अमेरिकी सरकारने 1983 साली तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. (कॅनडातल्या काही तळ्यांत निळा वॉलआय गळाला लागतो आणि ब्ल्यू पाइक परतल्याची बातमी उठते. तो निळा रंग माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातल्या एका प्रथिनाचा असतो. त्या प्रथिनाची रचना उलगडण्यात बेंगळुरूच्या संशोधकांचा वाटा होता.) वॉलआयची पकड 1956 साली शिखरावर पोहोचली आणि तिथून घसरगुंडीला लागली.

सगळा दोष जाळ्यांवर टाकणं मात्र खोटं ठरेल. शहरांचं सांडपाणी आणि शेतांतलं फॉस्फरस सरोवरात येत होतं, शेवाळ माजत होतं, तळाचा प्राणवायू संपत होता. 1953च्या सप्टेंबरमध्ये पश्चिम भागातल्या तळाशी मेफ्लाय किड्यांच्या अळ्या प्राणवायूअभावी जवळजवळ पुसल्या गेल्या. माशांचं मोठं अन्न गेलं. पण अशा आजारी पाण्यातही जाळ्यांची संख्या कमी करावी असं कुणी ठरवलं नाही. मासा कमी झाला की भाव चढायचा आणि चढलेला भाव पुन्हा जाळं टाकायला लावायचा.

जाळी थांबली ती पाऱ्यामुळे. वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातला नॉर्वाल्ड फिम्रेइट नावाचा विद्यार्थी शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरातले मासे तपासत होता. त्यांत पाऱ्याचं प्रमाण धोकादायक निघालं. सार्निया इथल्या डाऊ केमिकलच्या कारखान्यातून पारा वरच्या नदीत सोडला जात होता आणि वाहत ईरीपर्यंत येत होता. 1970 साली ईरीच्या पश्चिम भागातली वॉलआयची व्यापारी मासेमारी बंद झाली. माणसांच्या पोटाची काळजी म्हणून केलेली ही बंदी माशांच्याच पथ्यावर पडली. पिढ्या वाढू लागल्या. 1972च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर फॉस्फरसही घटू लागलं. 1976पासून वॉलआयची वार्षिक पकड कोट्याने बांधली गेली, आणि 1982 साली जन्मलेली पिढी इतकी प्रचंड निघाली की दशकभर गळवाल्यांची चंगळ झाली.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं ते 1984 साल. त्या वर्षी दक्षिण काठावरच्या ओहायो राज्याने गिलनेटवर बंदी घातली. तिथले व्यापारी मासेमार आता ट्रॅपनेट वापरतात. त्यात मासा जिवंत राहतो, म्हणून यलो पर्च नावाचा मासा ठेवून वॉलआय परत सोडता येतो. त्याच वर्षी समोरच्या काठावर ऑन्टॅरिओने गिलनेट राहू दिलं, पण प्रत्येक परवानाधारकाला ठरावीक पौंडांचा, विकता येणारा कोटा वाटून दिला. एकाने हत्यार काढून घेतलं, दुसऱ्याने हत्यार ठेवून माप बांधलं. आज चाळीस वर्षांनंतर दोन्ही काठांवर वॉलआय मुबलक आहे. गिलनेटविषयी मला अजिबात प्रेम नाही, पण हा पुरावा डोळ्यांआड करता येत नाही.

गळवाल्यांनीही स्वतःला साधुसंत समजू नये. ओहायोतल्या पोर्ट क्लिंटन गावात 31 डिसेंबरच्या मध्यरात्री फायबरग्लासचा अवाढव्य वॉलआय क्रेनने खाली उतरवून नववर्ष साजरं होतं, इतका तिथला धंदा या माशावर चालतो. आणि 2022 साली क्लीव्हलँडजवळच्या एका स्पर्धेत जिंकणाऱ्या जोडीचे मासे चिरले, तर पोटात शिशाचे गोळे निघाले. वजन वाढावं म्हणून कोंबलेले. दोघांना दहा-दहा दिवसांची कैद झाली.

वॉलआयच्या कोट्याची वाटणी दर मार्चमध्ये दोन्ही काठांची संयुक्त सरोवर समिती जाहीर करते, आणि ती राज्यांच्या व प्रांताच्या वाट्याला आलेल्या पाण्याच्या क्षेत्रानुसार ठरते. ओहायोला सुमारे 51 टक्के, ऑन्टॅरिओला 43, उरलेलं मिशिगनला. ओहायोचा हिस्सा गळवाल्यांसाठी, ऑन्टॅरिओचा बहुतांश जाळ्यांसाठी. ऑन्टॅरिओची जाळी सरोवर ओरबाडतात ही ओहायोच्या धक्क्यांवरची जुनी तक्रार. पण ओहायोचा स्वतःचा कोटा मात्र बहुतेक वर्षी पुरता भरतच नाही.