रूळ तेच, गाडी वेगळी

नेरळ स्थानकात उतरलात की दोन रेल्वे एकाच नजरेत दिसतात. कर्जत-खोपोलीकडे जाणारे ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटर रुंद आणि पलीकडे १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचे अवघे ६१०. ही रुंदी, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, हेच गेज. प्रमाण ही निराळी गोष्ट: खरी वस्तू किती पटींनी लहान केली, ते प्रमाण सांगतं. प्रतिकृती बनवू पाहणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते.

‘एचओ’ प्रमाण घ्या, १:८७. त्याचे नेहमीचे रूळ १६.५ मिलिमीटरचे; ८७ने गुणा, १४३५ येतात. हे युरोप-अमेरिकेचं प्रचलित गेज, आपलं ब्रॉडगेज नव्हे. त्याला १९.३ लागतील.

माथेरानच्या गाडीला याच प्रमाणात ७ मिलिमीटर हवेत. पण बाजारात सहज मिळतात ते ९चे, मूळचे १:१६० या ‘एन’ प्रमाणातल्या मोठ्या गाड्यांसाठीचे. नॅरोगेजचे अनेक हौशी लोक तेच वापरतात. रूळ तेच, वर डबा १:८७चा, की गाडी नॅरोगेजची! मात्र ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३. माथेरानसाठी हे फारच रुंद. १:७६ घेतलं तर ६८४, बरंच जवळ. माझ्या मते सुंदर उत्तर १:४३.५ आणि १४ मिलिमीटर: गुणाकार ६०९.

तेव्हा प्रतिकृती विकत घेताना खोक्यावरचे दोन्ही आकडे वाचा आणि गुणाकार करून पाहा.