कार्यालयीन पत्राचा प्रारंभ

ग्रामीण शाळेतील शिक्षकास अध्यापनाखेरीज बरेच लेखन करावे लागते. रजेचा अर्ज, दुरुस्तीची मागणी, पालकसभेची सूचना, वार्षिक अहवाल इत्यादी त्याचे अनेक प्रकार आहेत. मजकूर खरा व अक्षर सुवाच्य असूनही पुष्कळ पत्रांचे काम रखडते. त्याचे एक कारण पत्राच्या पहिल्या दोन-तीन ओळींत सापडते.

जुन्या मराठी पत्रव्यवहारात प्रारंभाचे एक शास्त्रच होते. कोणास कोणता मायना लिहावा ह्याचे नियम ‘मेस्तक’ नावाच्या ग्रंथांत सांगितलेले असत. यादवांचा मंत्री हेमाद्री ह्याच्या नावावरही परंपरेने असे एक मेस्तक सांगितले जाते. प्रथम मायना, मग क्षेमकुशल आणि त्यानंतर ‘विशेष’ ह्या शब्दाने मुख्य मजकुरास आरंभ होई. तो मायना लांब असला तरी निरर्थक नव्हता. लिहिणाऱ्याचे व वाचणाऱ्याचे नाते त्यावरून कळे, आणि ‘विशेष’ ही कामाच्या मजकुराची खूण असे.

आजच्या कार्यालयीन पत्रात हे कार्य ‘प्रति’, ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ ह्या तीन पदांकडे आले आहे. पत्र पंचायत समितीत पोहोचले की त्याची आवक बारनिशीत नोंद होते. नोंदीत उतरतो तो बहुधा विषयच, आणि पत्र कोणाच्या टेबलाकडे जावयाचे हेही त्यावरूनच ठरते. ‘शाळेच्या अडचणींबाबत’ अशा मोघम विषयाचे पत्र कोणाकडे द्यावे हे लिपिकास कळत नाही. मग ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते.

एक उदाहरण पाहू. वर्गखोलीचे छत धोकादायक झाले आहे. पुष्कळदा पत्र असे सुरू होते : ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आमची शाळा फार जुनी असून गावाच्या पूर्वेस आहे...’ छताचा उल्लेख दुसऱ्या पृष्ठावर येतो. हेच पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘विषय : इयत्ता दुसरीच्या वर्गखोलीच्या छताची तातडीने पाहणी होणेबाबत.

इयत्ता दुसरीच्या खोलीच्या छतास तडा गेला असून ता. १८ जून रोजी गिलाव्याचा तुकडा खाली पडला. कोणासही इजा झाली नाही. त्या वर्गाची २३ मुले तूर्त व्हरांड्यात बसविली आहेत. पाऊस वाढण्यापूर्वी अभियंत्यांकडून पाहणी व्हावी, ही विनंती.’

काय घडले, कोठे व केव्हा घडले, तूर्त कोणती व्यवस्था केली आणि कोणाकडून काय हवे, हे येथे चार वाक्यांत आले. शाळेचा पूर्वेतिहास आवश्यक असल्यास तो पुढे लिहावा. ह्यात सौजन्य कमी होत नाही. वाचणाऱ्याचा वेळ वाचविणे हेही सौजन्यच होय.

स्मरणपत्रात प्रथम आधीच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक द्यावा. त्यावाचून जुनी नस्ती सापडणे कठीण जाते. अहवालाच्या आरंभी निष्कर्ष सांगावा, तपशील मागाहून द्यावा. पालकांच्या सूचनेत वार, वेळ व कारण पहिल्याच वाक्यात असावे. पुष्कळ घरी ती चिठ्ठी मूलच वाचून दाखविते, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात पहिले वाक्यच अधिक राहते.

पत्र पाठविण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी. विषय व पहिला परिच्छेद एवढेच सहशिक्षकास वाचून दाखवावे आणि ‘हे पत्र कोणाकडून काय मागते?’ असे विचारावे. उत्तर लगेच मिळाले, तर पत्र पाठविण्यास योग्य झाले. न मिळाल्यास प्रारंभ पुन्हा लिहावा. वर्गात पत्रलेखन शिकविताना विद्यार्थ्यांसही हीच कसोटी लावून पाहण्यास सांगावे.