रिळातली चांदी

जुन्या कृष्णधवल सिनेमाच्या रिळात चांदी असते, तशीच ती दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्ममध्येही असते. दोन्हींची घडण एकच: खाली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात रुतलेले चांदीचे बारीक कण. पट्टीवर जिथे कण दाट तिथे काळोख, जिथे विरळ तिथे उजेड. उटीच्या ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ या सरकारी कारखान्यात 1967 साली उत्पादन सुरू झालं, आणि ‘इंदू’ या नावाखाली तिथून रुग्णालयांसाठी एक्स-रे फिल्म निघायची तशी सिनेमासाठीही फिल्म निघायची. पुढे गतही दोन्हींची एकच झाली. काम संपलं की फिल्म भंगारात जायची, रसायनात बुडवून चांदी काढून घेतली जायची आणि उरलेल्या प्लॅस्टिकचंही काही ना काही व्हायचं. आपल्याकडचे कितीतरी जुने सिनेमे नष्ट होण्याला आग आणि दमट हवा जितकी कारण आहे, तितकीच ही चांदीही आहे. आता मात्र हिशेब उलटला आहे. ज्या चांदीपायी रिळं वितळवली गेली, तीच चांदी सडून दगड झालेल्या रिळातलं चित्र बाहेर काढू शकते. म्हणून ‘हे रीळ गेलं, टाकून द्या’ हा निकाल आपण फार लवकर देतो, असं माझं म्हणणं आहे. या म्हणण्याला चेन्नईइतकं योग्य उदाहरण दुसरं नाही.

मद्रासमध्ये आर. नटराज मुदलियार हे मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यातले गृहस्थ. फाळक्यांचे सिनेमे पाहून त्यांना ओढ लागली. पुण्यात स्टुअर्ट स्मिथ या इंग्रज कॅमेरामनकडे त्यांनी धडे घेतले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘कीचकवधम्’ हा दक्षिणेतला पहिला कथापट काढला. (मराठी वाचकाला कीचकवध म्हटलं की खाडिलकर आठवणार. त्यांच्या नाटकावर सरकारने बंदी घातली तरी संहिता उरली. मुदलियारांच्या सिनेमाला कोणी हात लावला नाही आणि उरलं काहीच नाही.) तमिळमधला पहिला बोलपट ‘कालिदास’ 1931 साली मुंबईत, अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत तयार झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मद्रासला लागला. तोही आज नाही. थिओडोर भास्करन यांच्यासारख्या इतिहासकारांनी या काळाचा इतिहास लिहिला तो जुन्या जाहिराती, सरकारी कागद, मुलाखती आणि थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या यांच्या आधारे. अशा चोपड्या चेन्नईच्या रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. त्यातून कथा कळते, गाणी कळतात, नटनट्यांची नावं कळतात. पण कॅमेरा कुठे ठेवला होता, नटी गाताना कुठे बघत होती, प्रकाश कसा पडला होता, यातलं काही कागद सांगत नाही. त्यासाठी रीळच हवं.

चेन्नईच्या हवेत रीळ टिकणं मुळात अवघड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिनेमाची फिल्म नायट्रेटची होती, ती भडकन पेटणारी. तिच्या जागी आलेली ॲसिटेटची फिल्म पेटत नाही, पण सडते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागतं, डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो, आणि सुटलेलं आम्ल पुढची सड आणखी वाढवतं. पट्टी आक्रसते, कडक होते, जिलेटिन मऊ पडून वेढ्याला वेढा चिकटतो. शेवटी डब्यात उरते ती अखंड, उलगडता न येणारी चकती. जबरदस्तीने सोडवायला जावं तर चित्राचा थर निघून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. इथवर आलं की मालक, गोदामवाला आणि कधीकधी संग्रहालयातला माणूसही हात टेकतो.

असं रीळ न उघडता वाचता येतं, हे लंडनमध्ये दाखवलं गेलं. बीबीसीच्या ‘मोरकंब अँड वाइज’ या विनोदी कार्यक्रमाचा 1968 सालचा एक हरवलेला भाग पश्चिम आफ्रिकेत सापडला, पण अशाच चिकटलेल्या अवस्थेत. क्वीन मेरी विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागात दातांच्या अंतरंगाचा अभ्यास करण्यासाठी अत्यंत बारीक तपशील टिपणारं सीटी यंत्र बनवलेलं होतं. चिकटलेल्या जुन्या चर्मपत्रांच्या गुंडाळ्या त्यावर वाचून झाल्या होत्या. तिथेच या रिळाचे तुकडे ठेवले गेले. तत्त्व साधं आहे. प्लॅस्टिक आणि जिलेटिन म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशी हलकी मूलद्रव्यं. क्ष-किरण त्यातून आरपार जातात. चांदीचा अणुक्रमांक 47, ती किरण अडवते. म्हणजे सिनेमाच्या चित्रात जे काळं, तेच क्ष-किरणांच्या चित्रातही उठून दिसतं. मग कार्डिफ विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी एकेक थर ओळखून तो पडद्यावर सपाट पसरला. हाती आलेली चित्रं धुरकट आहेत, पण त्यातली माणसं ओळखू येतात. डब्यातल्या त्या दगडाकडे बघून हे होईल असं कोणी म्हटलं नसतं.

आता सीटीचं गणित. अनेक कोनांतून घेतलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू उभी करायची, हा मूळ प्रश्न योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने 1917 मध्येच कागदावर सोडवला होता. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीच्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी 1971 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं, तेव्हा त्यांची आकडेमोड हळू चालायची. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. प्रत्येक सावलीवर आधी एक ठरावीक गाळणी चालवा आणि मग ती उलट दिशेने चित्रावर पसरा, अशी सोपी आणि वेगवान रीत त्यात होती. ‘राम-लॅक’ गाळणी म्हणून ती आजही जगभरच्या रेडिऑलॉजीच्या पाठ्यपुस्तकांत आहे. रामचंद्रन 1952 पासून जवळजवळ वीस वर्षं मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख होते. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना त्यांनी तिथेच उलगडली. हा निबंध आला तोवर ते बंगळूरला गेले होते, त्यामुळे तो मद्रासच्या नावावर टाकता येणार नाही. रेडिओ-खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी त्याआधी 1967 मध्ये अशीच रीत मांडली होती, हेही मान्य करायला हवं. तरीही क्ष-किरण विवर्तनाच्या चित्रांवरून रेणू उभा करायची मद्रासमधली दीर्घ सवय या गणितामागे आहे, असं मानायला जागा आहे. आणि 1934 पासून जनरल हॉस्पिटलच्या आवारात बर्नार्ड इन्स्टिट्यूट ऑफ रेडिऑलॉजी चालवणाऱ्या शहराला क्ष-किरणांचं नवल कधीच नव्हतं.

आता आक्षेप. पहिला खर्चाचा आणि वेळेचा. लंडनच्या प्रयोगात रिळाचे लेसरने तुकडे करावे लागले, प्रत्येक तुकड्याला यंत्रात बराच वेळ द्यावा लागला. हजार फुटांच्या एका रिळावर, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटांच्या सिनेमावर, सोळा हजार चित्रं असतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत सीटीसाठी माणसं ताटकळत असताना सिनेमाची चकती यंत्रात कोण घालणार? आक्षेप रास्त आहे, पण तो आजच वाचायला हवं या आग्रहाला लागू होतो, जपून ठेवण्याला नाही. शिवाय रुग्णालयातल्या यंत्राचा इथे उपयोगही नाही. त्याची नजर इतकी बारीक नसते. हे काम प्रयोगशाळेतल्या छोट्या यंत्राचं आहे. डबा थंड, कोरड्या जागी ठेवायला लागणारा खर्च त्या मानाने किरकोळ, आणि वाचण्याचं तंत्र दर काही वर्षांनी स्वस्त होत जाणारं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलक्याने घेऊ नये. 1929 साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या नायट्रेटच्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि विषारी धुराने 123 माणसं गेली. पुण्यात 2003 च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं आगीत गेली, तो मराठी वाचकाला परका प्रसंग नाही. तेव्हा नायट्रेटचं रीळ घरात, दुकानाच्या पोटमाळ्यावर किंवा नेहमीच्या गोदामात ठेवा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. ते वेगळ्या, थंड कोठारातच हवं. पण चिकटलेली बहुसंख्य रिळं ॲसिटेटची असतात, आणि त्यांना आगीच्या नावाखाली निकालात काढणं ही निव्वळ सबब आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: रंगीत सिनेमाला हे तंत्र लागू पडत नाही. रंगीत फिल्म धुताना चांदी काढून टाकतात आणि चित्र फक्त रंगद्रव्यात उरतं. क्ष-किरणांना रंगद्रव्य आणि प्लॅस्टिक यांत फरक दिसत नाही. तमिळमधला पहिला पूर्ण रंगीत सिनेमा ‘अलीबाबावुम 40 तिरुडर्गळुम’ 1956 चा, आणि त्यानंतरही बरीच वर्षं कृष्णधवलच जास्त निघत होते. म्हणजे ज्या काळाची रिळं सर्वात कमी उरली आहेत, नेमका तोच काळ या तंत्राच्या आवाक्यात येतो. रंगीत रिळांची मुदत मात्र खरोखरच सरत चालली आहे; ती उलगडतात तोवरच त्यांच्या प्रती निघायला हव्यात.

राहतो तो ‘आता सापडणार तरी काय?’ हा प्रश्न. 1933 चा ‘मार्तंड वर्मा’ हा त्रावणकोरचा मूकपट कादंबरीच्या हक्कावरून कोर्टात अडकला, म्हणून त्याची प्रत प्रकाशकाच्या दुकानात पडून राहिली आणि 1974 मध्ये पुण्याच्या संग्रहालयाला मिळाली. खटला झाला नसता तर तीही भंगारात गेली असती. सुमारे 597 कोटींच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात गाजावाजा होतो तो झळझळीत केलेल्या प्रतींचा. न उलगडणाऱ्या डब्यांची मात्र साधी यादी हवी: डब्यावरचं नाव, कंपनी, फिल्मच्या कडेचा छापील मजकूर, वजन, वास येतो की नाही, आणि कृष्णधवल की रंगीत. त्यापुढे एकच शेरा असावा, उघडू नये.